किरकोळ दुरुस्ती

फाइल चारशे तेरा बाइटनी वाढली होती, आणि फाइलमध्ये ओळी होत्या चारशे बारा. असल्या फाइली वाचायची ज्याला सवय आहे, त्याच्यापुढं हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचं सांगावं लागत नाही. ओळ संपते तिथं कॉम्प्युटर एक खूण ठेवतो. ती पडद्यावर दिसत नाही. काही कॉम्प्युटर एक खूण ठेवतात, काही दोन. एका जातीच्या कॉम्प्युटरवर लिहिलेली फाइल दुसऱ्या जातीच्या कॉम्प्युटरवर उघडून नुसती साठवली, तरी दर ओळीमागे एक बाइट वाढतो. चारशे बारा ओळींचे चारशे बारा बाइट. उरला एक. एका टिपेत कुणाचा तरी कंस उघडा राहिला होता, तो कुणीतरी बंद केला होता. तो एक बाइट त्याचा.

कंस कुणी बंद केला, हे ओळखायला वहिनीला नाव वाचायची गरज नव्हती. उघडं काही दिसलं की ते मिटवल्याशिवाय पुढं पाऊल न टाकणारा माणूस तिच्या पाहण्यात एकच होता, आणि तो तिच्याच घरात, मागच्या खोलीत राहत होता. तिचा धाकटा दीर. तिला आपण वहिनीच म्हणू, कारण या गोष्टीपुरतं ती कुणाची वहिनी आहे एवढंच महत्त्वाचं.

डब्यांची झाकणं, कपाटाची दारं, टूथपेस्टचं टोपण, दुसऱ्याच्या शर्टाचं बटण, काही म्हणून त्याला उघडं बघवत नसे. थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, त्याला लहानपणापासून 'झाकण्या' म्हणायचा. पाहुण्यांसमोरही म्हणायचा. दीर हसायचा, आणि हसता हसता पाहुण्यांनी उघडा टाकलेला बिस्किटांचा डबा बंद करायचा.

वहिनी वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुकानांतली, औषधांच्या कारखान्यांतली वजनं तिथं यायची आणि खरी की खोटी ते ठरून तिच्या सहीनं परत जायची. बोटाचा ठसा लागला तरी वजन वाढतं, म्हणून ती चिमट्यानं उचलायची, आणि श्वास लागू नये म्हणून काचेआड ठेवायची. वीस वर्षं तिनं हे केलं. आणि वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी, घरच्या टेबलावर, एक लायब्ररी सांभाळली.

लायब्ररी म्हणजे इथं पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणारे लोक फाइल बदलली की जुनी फेकून देत नाहीत. कुठली ओळ कधी, कुणी, कशी बदलली याची नोंद ठेवतात. त्या नोंदींच्या फाइली वाचायच्या, दोन मजकूर शेजारी ठेवून त्यांतला फरक सांगायचा, एवढं काम करणारा वहिनीचा कोड होता. इतरांनी तो उचलून आपापल्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा. सगळं खुलं, ओपन सोर्स. वाचा, वापरा, पैसे नकोत. त्याला तिसरंही एक काम येत होतं. प्रत्येक ओळीपुढं, ती शेवटची कुणी बदलली त्याचं नाव छापायचं. या कामाला त्या धंद्यात सरळ 'ब्लेम' म्हणतात. दोष. वहिनीला तो शब्द कधी आवडला नव्हता, पण सगळे तोच वापरत, म्हणून तिनंही तोच ठेवला.

अकरा वर्षांपूर्वी दीर एका कंपनीत होता. सलाइनमधून औषध थेंब थेंब सोडणारे पंप ती कंपनी बनवायची. त्याला तिथं नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. एका हॉस्पिटलमध्ये पंपानं औषध दहापट सोडलं आणि चौतीस वर्षांची एक बाई गेली. चौकशी बसली. पंपाच्या प्रोग्रॅमच्या त्या चारशे बारा ओळींच्या फाइलमध्ये, दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीत, मर्यादेचा आकडा चुकला होता. ती ओळ कुणी लिहिली? कंपनीनं यादी काढली, आणि त्या ओळीपुढं नाव निघालं दिराचं.

तो म्हणाला, "साहेब, मी फक्त एक कंस बंद केला होता."

साहेब लोक हसले. यादी त्याच्यापुढं सरकवली गेली. चारशे बाराच्या चारशे बारा ओळींपुढं त्याचं नाव. "एक कंस होय?" कुणीतरी म्हणालं.

त्या संध्याकाळी तो यादी घरी घेऊन आला. वहिनी स्वयंपाकघरात होती. हात पुसून तिनं कागद घेतला.

"वहिनी, हे तुमच्या लायब्ररीतून निघालंय ना? खाली नाव आहे."

नाव होतं. तळाशी, बारीक अक्षरांत, तिच्या लायब्ररीचं नाव आणि आवृत्तीचा आकडा. पंप बनवणारी एवढी मोठी कंपनी आपला कोड वापरते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिचे कान गरम झाले. तिनं यादीच्या माथ्यावर बघितलं: 'ओळीच्या शेवटची खूण मोजू नये', हा पर्याय लावलेला होता. म्हणजे काळजीनं काम केलेलं होतं.

"लायब्ररी बरोबर सांगते," ती म्हणाली.

चारशे बारा ओळी, एकच नाव. दीड वर्ष नोकरी झालेल्या माणसाचं, पाच वर्षं जुन्या फाइलमध्ये. एवढं ढळढळीत खोटं वजन प्रयोगशाळेत आलं असतं, तर तिनं ते तराजूवर न ठेवताच परत पाठवलं असतं. पण तो कागद तिनं मिनिटभरसुद्धा बघितला नाही. ती तळाची बारीक अक्षरंच बघत राहिली.

दिरानं मान हलवली. "मला आठवत नाही," तो म्हणाला. "पण तुमचं चुकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं सही करून दिली. नोकरी गेली. ठरत आलेलं लग्न मोडलं; मुलीच्या वडिलांनी फोनसुद्धा केला नाही, त्यांच्या मेव्हण्याकरवी निरोप आला. दीर परत कॉम्प्युटरला शिवला नाही. एका गोदामात खोक्यांना टेप मारायचं काम त्यानं धरलं. थोरला म्हणाला, "झाकण्याला शेवटी मनाजोगं काम मिळालं." वर्षातून एकदा, एका ठरावीक तारखेला, दीर अर्धा दिवस रजा घेई. कुठं जातो ते सांगत नसे. वहिनीला माहीत होतं. त्या बाईच्या घरासमोरून तो एकदा जाऊन येई. थांबत नसे, नुसता जाऊन येई.

त्यानंतर पाच वर्षांनी, कुठल्याशा लांबच्या गावातल्या माणसानं वहिनीला लिहिलं: तुमचा तो 'ओळीच्या शेवटची खूण मोजू नये' पर्याय फरक दाखवताना चालतो, पण नावं छापताना चालत नाही. मुद्दाम तसं केलंय का?

वहिनीनं कोड उघडला. मुद्दाम केलेलं नव्हतं. वरून आलेला पर्याय एका जागी पुढच्या कामाला द्यायचा राहून गेला होता. तुलना करणाऱ्या भागाला तो मिळत होता, नावं छापणाऱ्या भागाला मिळत नव्हता. कोड लिहिला त्या दिवसापासून. एका शब्दाची दुरुस्ती. तिनं ती केली, आणि चाचणीला अशी जुनी फाइल कुठं मिळेल याचा विचार करता करता तिचा हात थांबला.

दिराची चौकशीची कागदपत्रं तिच्याच लोखंडी कपाटात होती, दोरीनं नीट बांधलेली. सोबत सीडी होती. त्या सीडीत सगळी नोंद, चारशे तेरा बाइटनी वाढलेली ती फाइलसुद्धा.

दुरुस्त केलेल्या लायब्ररीनं पावणेदोन सेकंद घेतले. चारशे बारा ओळींपैकी दिराचं नाव एका ओळीपुढं होतं. कंसाच्या. दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीपुढं त्याच्या विभागप्रमुखाचं नाव होतं, आणि तारीख दीर कामाला लागायच्या आधीची.

लायब्ररीत काही दुरुस्त केलं की काय केलं ते एका ओळीत लिहायची रीत असते. वहिनीनं लिहिलं: 'किरकोळ दुरुस्ती, ओळींच्या शेवटाबाबत.' मग ती उठून गच्चीत गेली आणि वाळलेले कपडे काढून आणले. घड्या घातल्या. दिराचे शर्ट वेगळे ठेवले.

तिनं ते एकालाच सांगितलं. नवऱ्याला. तो नखं बघू लागला.

"आणखी कुणाला माहितीये?"

"कुणाला नाही."

"मग आता कशाला? तुझ्या त्या लायब्ररीच्या पहिल्या पानावर तूच लिहिलंयस ना, जशी आहे तशी घ्या, कसलीही हमी नाही म्हणून."

"ते सगळेच लिहितात."

"सगळे लिहितात म्हणजे त्याला काही अर्थ असेल. बघ, तो आता सावरलाय. कामाला जातो, जेवतो, झोपतो. हे सांगून काय, त्याची पाच वर्षं परत देणारेस? उलट त्याच्या डोक्यात भुंगा सोडशील." मग जरा थांबून तो म्हणाला, "आईचं ऑपरेशन होऊ दे. मग बघू."

ऑपरेशन झालं. मग आई हिंडूफिरू लागू देत. मग दिराच्या लग्नाचं पुन्हा कुठं जमतंय का ते बघू. मग वहिनीला बढती मिळायची होती. मग काहीच नव्हतं, तरी भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं. नवऱ्याला दोष देणं सोपं होतं, आणि काही वर्षं तिनं तो मनातल्या मनात दिलाही. पण मोजायची सवय लागलेल्या माणसाला स्वतःशी फार काळ खोटं मोजता येत नाही. थांब म्हणणारं कुणीतरी तिला हवंच होतं. म्हणून तर तिनं त्यालाच सांगितलं होतं.

सांगायचं वाक्य तिच्याकडे तयार होतं. एक नव्हे, कितीतरी आवृत्त्या. बसमध्ये, प्रयोगशाळेत, भांडी आवरताना ती ते बदलत राहायची. 'एक पर्याय पुढं पोचत नव्हता.' 'त्या आवृत्तीत एक दोष राहून गेला होता.' 'यादी पूर्ण विश्वासार्ह नव्हती असं दिसतं.' आवृत्त्या शेजारी ठेवून बघितल्या तर त्यांत एकच गोष्ट कायम होती: कुठल्याच वाक्यात ती स्वतः नव्हती.

सहा वर्षं अशी गेली.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाली होती. सासूबाई खिडकीपाशी भिंग लावून पेपर वाचत होत्या. नवरा सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. दीर मागच्या खोलीतून फोल्डर घेऊन आला आणि टेबलापाशी उभा राहिला.

"वहिनी, जरा वेळ आहे?"

"बसा की, भाऊजी."

"एक अर्ज भरायचाय. उद्या अकराच्या आत द्यायचा."

"काय झाकण्या, टेप संपली की काय गोदामातली?" नवरा म्हणाला.

"हॉस्पिटलात जागा निघालीये, दादा. उपकरणांच्या विभागात. कुठला पंप कुठं गेला, कधी तपासला, त्याची नोंद ठेवायची."

सासूबाईंनी भिंग खाली ठेवलं. "पंप? परत त्या पंपाच्या वाटेला कशाला जातोस रे बाबा? एकदा हात पोळले ते पुरे नाही झाले?"

"मी बनवणार नाहीये, आई. नीट तपासलेत की नाही तेवढं बघायचं. कुणीतरी बघायला पाहिजे ना." तो खुर्चीवर बसला, आणि वहिनीच्या पाण्याच्या बाटलीचं सैल टोपण त्यानं फिरवून घट्ट केलं. "म्हटलं, अकरा वर्षं झाली. आता जमेल मला त्यांच्याजवळ जायला."

अर्ज चार पानी होता. अठरा रकाने त्यानं भरून आणले होते, अक्षर न् अक्षर चौकटीत. एकोणिसावा कोरा होता. 'यापूर्वी निष्काळजीपणाच्या कारणावरून आपणास कामावरून कमी केले आहे काय? असल्यास तपशील द्यावा.'

"तो रकाना सोडून दे," नवरा सोफ्यावरूनच म्हणाला.

"कोरा रकाना मला बघवत नाही, दादा."

"मग 'नाही' लिही आणि मोकळा हो. ती कंपनीसुद्धा बंद पडली. कोण विचारायला येतंय?"

"ती बाई येईल की," दीर म्हणाला. अगदी साध्या आवाजात, शेजारीण येईल म्हणावं तसं.

सासूबाईंनी पेपरचं पान उलटलं.

"मी कच्चं लिहिलंय," त्यानं फोल्डरमधून एक कागद काढला. "वहिनी, तुमची भाषा नेमकी असते. जरा बघून देता? म्हणजे पक्कं उतरवतो."

वहिनीनं कागद घेतला. पेन्सिल घेतली. कागदावर होतं:

'होय. माझ्या निष्काळजीपणामुळे पंपाच्या मर्यादेचा आकडा चुकीचा पडला व त्यामुळे एका रुग्ण बाईंचा मृत्यू झाला. त्यांचे वय चौतीस होते. मी तो आकडा बदलल्याचे मला आठवत नाही, परंतु तपासणीत माझेच नाव निघाले. तपासणी अचूक होती.'

तिनं वाचलं. आणि हात सवयीनं चालू लागला. "'पडला' नको," ती म्हणाली. "'नोंदवला गेला' लिहा."

"बरोबर."

"आणि वय कशाला? विचारलेलं नाही त्यांनी."

"ते राहू द्या, वहिनी."

"बरं."

"तेवढं ते 'आठवत नाही' काढून टाकू का?" त्यानं पुढं वाकून बोट ठेवलं. "सबब सांगितल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं मला वाटायचं, नसेल बदलला. पण आकडा काय आपोआप बदलतो? बदलला असणार. माणूस स्वतःला सोयीचं तेवढं विसरतो. खोडा तुम्ही ते."

पेन्सिल त्या शब्दांवर टेकली. 'मी तो आकडा बदलल्याचे' एवढ्यावरून रेघ गेली. सरळ, पातळ, ती नेहमी मारायची तशी. मग ती रेघ थांबली. वहिनीनं पाहिलं. पाच वाक्यांच्या त्या कागदावर त्या बाईचा मृत्यू आणि वय सोडलं तर दिराच्या हातचं खरं असं तेवढंच होतं, आणि अर्धं तिनं खोडलंही होतं.

"अगं, चहा टाकतेस का जरा?" नवरा म्हणाला. त्यानं पाय खाली घेतले होते. तो तिच्याकडे बघत होता. "अर्ज काय, संध्याकाळी बघता येईल. उठ ना."

"आत्ताच तर जेवण झालंय," सासूबाई म्हणाल्या.

"मला हवाय."

वहिनी उठली नाही. तिनं खोडरबर घेतलं आणि आपली रेघ पुसली. कागदाला चुरगळ पडू नये म्हणून डाव्या हातानं कोपरा दाबून धरला. रेघ गेली, तिचा वळ राहिला.

"भाऊजी, हे वाक्य राहू द्या. बाकीचं सगळं खोडा."

"सगळं? मग तपशील काय देऊ?"

"तुला काही कळतंय का, तू काय..." नवऱ्याचं गाडं तिथंच अडलं. "आई, तू जरा आत पड बघू."

"मी का पडू आत? काय चाललंय तुमचं?"

वहिनीनं पेन्सिल टेबलाच्या कडेला समांतर ठेवली. इतक्या वर्षांत जमवलेली वाक्यं आठवायचा तिनं प्रयत्न केला, पण एकही आठवेना, आणि ते बरंच झालं.

"तो आकडा तुम्ही बदलला नव्हता. तुम्ही कंस बंद केलात, तेवढंच. बाकी फाइलला तुमचा हातसुद्धा लागलेला नाही. यादी चुकीची होती, कारण माझा कोड चुकीचा होता. आणि तुम्ही कागद घेऊन माझ्याकडे आलात, तेव्हा तो न बघताच मी बरोबर आहे म्हणाले."

दीर तिच्याकडे बघत राहिला. मग आपल्या हातातल्या उघड्या पेनाकडे. पेनाचं टोपण टेबलावर होतं. त्यानं ते उचललं नाही.

"म्हणजे... ती बाई..."

"तुमच्यामुळं नाही गेली."

सासूबाईंच्या हातून भिंग मांडीवर पडलं. नवरा उभा राहिला आणि पुन्हा बसला. दिराच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उमटत होतं. अकरा वर्षांत वहिनीनं ते बघितलं नव्हतं, म्हणून ते हसू आहे हे तिला चटकन कळलं नाही. त्या हसण्यात राग नव्हता. तिला शिक्षा द्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो तिच्यासाठीसुद्धा खूश झाला होता.

"वहिनी!" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "अहो, केवढं शोधून काढलंत! आणि नेमकं आज? अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी? कधी सापडलं, सकाळी?"

नवऱ्यानं तिच्याकडे बघून मान हलवली. अगदी थोडी. हो म्हण, अशी.

'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. दिरानं ते आनंदानं घेतलं असतं आणि झाकण लावून टाकलं असतं.

"नाही, भाऊजी," वहिनी म्हणाली. "सहा वर्षं चार महिने झाले. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."